जपानकडून घ्यायचे राहून गेले ते

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, वायनाड आणि कोडगू यांच्या सीमेला लागून हेग्गडदेवनकोटे आहे. या लांब नावाचे एच. डी. कोटे झाले आणि तेच रूढ झाले. सरगूर वेगळा तालुका होण्यापूर्वीच्या या एका तालुक्यात कबिनी, नुगू, तारका आणि हेब्बळ्ळ अशा चार धरणांच्या भिंती उभ्या राहिल्या. तरी कोट्याचा बराचसा शेतकरी आजही आभाळाकडे बघून कापूस आणि नाचणी पेरतो. कबिनीचे पाणी खाली नंजनगूड, टी. नरसीपूर, चामराजनगरकडे जाते. नागरहोळे आणि बंडीपूर ही दोन नावाजलेली व्याघ्र अभयारण्ये या तालुक्याला भिडलेली आहेत. पण त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या मध गोळा करणारे जेनू कुरुब आता रानाबाहेरच्या हाड्यांत, म्हणजे आदिवासी वस्त्यांत, राहतात आणि कोडगूच्या कॉफीमळ्यांवर मजुरीला जातात. 2002 साली नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातल्या मागास तालुक्यांची मोजदाद केली, तीत कोटे होते.

जपानवरच्या लेखाची सुरुवात कोट्यापासून करायला कारण आहे. जपानचा कित्ता गिरवण्याचा हिंदुस्थानातला सर्वांत पद्धतशीर प्रयत्न म्हैसूर संस्थानात झाला, आणि कोटे हा त्याच संस्थानाचा तालुका. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रयत्नातून कोणाच्या पदरात काय पडले, हे पाहायचे तर राजवाड्यासमोर उभे राहून दिसत नाही. त्यासाठी कोट्यालाच यावे लागते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव महाराष्ट्राला परके नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते 1883 साली पहिले आले, पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, नीरा कालव्यावर पाटपाणी वाटण्याची ब्लॉक पद्धत आणली. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या पुण्यात त्यांचे विचार घडले. रानडे 1890 पासून औद्योगिक परिषदेत सांगत होते की कच्चा माल बाहेर पाठवून पक्का माल विकत घेणारा देश दरिद्रीच राहणार. 1898 साली विश्वेश्वरय्या जपान पाहून आले आणि रानड्यांचे म्हणणे प्रत्यक्ष उभे राहिलेले त्यांनी तिथे बघितले. 1912 ते 1918 ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, चंदनतेलाचा कारखाना, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची आखणी, कृष्णराजसागराचे काम हे सारे या सहा-सात वर्षांच्या आसपासचे. इंग्रजांना वर्षाला 35 लाखांची खंडणी मोजून हे उभे केलेले आहे. 1920 साली त्यांनी हिंदुस्थानच्या पुनर्रचनेवर पुस्तक लिहिले, त्यात आपल्या दारिद्र्याच्या आकड्यांशेजारी जपानचे आकडे पुन्हापुन्हा मांडले. या माणसाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. म्हणूनच जपानमधले त्यांनी काय घेतले आणि काय घेतले नाही, हे सरळ विचारले पाहिजे.

1853 साली अमेरिकेचा कमोडोर पेरी चार लढाऊ जहाजे घेऊन एडोच्या तोंडाशी आला आणि दोन शतके बंद असलेले दार उघडायला त्याने जपानला भाग पाडले. मागोमाग तह आले. गोऱ्या माणसाने जपानात गुन्हा केला तर त्याचा न्याय त्याच्याच देशाचा वाणिज्यदूत करणार आणि आयात मालावर किती जकात घ्यायची हे जपान ठरवू शकणार नाही, अशा त्यांच्या अटी. चीनची अफूच्या युद्धात झालेली दैना डोळ्यांसमोर होती. 1868 साली शोगुन गेला आणि नवे राज्यकर्ते आले. ते तिशी-चाळिशीतले, बहुतेक खालच्या दर्जाच्या सामुराई घराण्यांतले. 1871 साली या सरकारातले अर्धे वजनदार लोक इवाकुरांच्या नेतृत्वाखाली जहाजात बसले आणि 1873 पर्यंत अमेरिका, इंग्लंड, जर्मनीच्या गिरण्या, शाळा, न्यायालये हिंडून पाहत राहिले. 1872 साली रेल्वे सुरू झाली आणि तोमिओकाची रेशीम गिरणीही. तिथे फ्रेंच तंत्रज्ञ लाल दारू पितात ते माणसाचे रक्तच, अशी आवई उठली आणि मुली कामाला येईनात. तेव्हा सामुराई घराण्यांनी आधी आपल्या मुली पाठवल्या.

आपल्याकडे जपानचे कौतुक करणारे नेमके इथवर येतात आणि रेल्वे, गिरणी, आरमार, 1905 साली रशियावरचा विजय असा मुक्काम गाठतात. मधला भाग गळतो. 1869 ते 1871 या काळात शेकडो सरदारांनी आपापल्या जहागिऱ्यांवर पाणी सोडले. 1871 साली अस्पृश्य मानलेल्या जातींचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला. 1876 साली सामुराईंचा पिढीजात तनखा बंद झाला आणि कमरेला तलवार लावण्याचा हक्कही गेला. हे सगळे निर्मळ मनाने झाले असे मी म्हणत नाही. तनख्याच्या बदल्यात रोखे मिळाले, सरदारांचे पुढे उमराव झाले, अस्पृश्यांचा छळ कागदाने थांबला नाही आणि 1922 साली त्यांना स्वतःची चळवळ उभारावी लागली. तलवार गेल्याच्या रागात सामुराई 1877 साली बंड करून उठले, ते सरकारने शेतकऱ्यांच्या पोरांच्या फौजेने मोडले. पण एवढे खरे की परक्याच्या तोफा दारात असताना जपानच्या वरच्या वर्गाने आपल्या जन्मजात हक्कांना हात लावला. राष्ट्र उभे करायचे तर आधी आपण काहीतरी सोडले पाहिजे, हे त्यांना समजले होते.

1872 साली जपानने प्रत्येक मुलामुलीसाठी शाळेचा हुकूम काढला. सुरुवातीला फी शेतकऱ्याच्या बोकांडी बसली, म्हणून चिडलेल्या लोकांनी काही ठिकाणी शाळा जाळल्याही. 1900 साली फी माफ झाली आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच शेकडा नव्वदहून अधिक मुले पटावर आली. रशियाशी लढलेला शिपाई, ओसाकाच्या गिरणीतला कामगार, भाताच्या वाणांच्या चाचण्या घेणारा शेतकरी, सगळे या शाळेतून आलेले. याच सुमारास, 1873 साली, पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ छापत होते आणि सत्यशोधक समाज स्थापत होते. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी हिशेबच मांडला: सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या कष्टावर भरते आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गांची मुले, तेव्हा पैसा आधी प्राथमिक शिक्षणावर खर्च करा आणि ते सक्तीचे करा. हुकूम काढायचा अधिकार फुल्यांच्या हाती नव्हता. ज्यांच्या हाती होता त्यांनी ऐकले नाही. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते 1912 साली फेटाळले गेले, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत एकटे इंग्रज नव्हते. सयाजीरावांनी बडोद्यात 1906 साली आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 साली जे केले ते अपवाद म्हणून उठून दिसते. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली आणि 1916 साली त्यांनी हिंदुस्थानातले पहिले महिला विद्यापीठ काढले. जपानमधली गिरणी सोडून शाळा उचलणारा हा एक माणूस होता.

आता पुन्हा म्हैसूरकडे. संस्थानात सरकारी नोकऱ्यांचा मोठा वाटा ब्राह्मणांकडे होता. मागे पडलेल्या जातींनी निवेदने दिली. महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांनी 1918 साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जातीवर राखीव जागा दिल्या तर कारभाराची कार्यक्षमता ढासळेल, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. त्यांच्या पायउतार होण्यामागे या मतभेदाचा मोठा वाटा होता. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण या प्रश्नात महाराज बरोबर होते आणि दिवाण चूक होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सोळा वर्षे आधी, 1902 सालीच, पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. जपानच्या कारभाराची कार्यक्षमता सामुराईंना घट्ट धरून वाढली नाही. त्यांचा मक्ता मोडून शेतकऱ्याच्या पोराला शाळेत घातले, तेव्हा वाढली. विश्वेश्वरय्यांनी जपानची आकडेवारी घेतली, यंत्रे घेतली, बँक घेतली. हे राहिले.

म्हैसूरच्या रानातल्या चंदनाची गोष्ट या राहून गेलेल्या भागाकडे बोट दाखवते. टिपूने 1792 साली चंदनाला राजवृक्ष ठरवले. झाड कोणाच्याही बांधावर उगवो, ते सरकारचे. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूरचे चंदन मोठ्या प्रमाणात जर्मनीला जाई आणि तेल तिकडे निघे. युद्धाने ती वाट बंद झाली. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन यांनी तेल काढून दाखवले आणि 1916 साली बंगळुरात, 1917 साली म्हैसुरात कारखाना निघाला. चंदनाचे झाड कुऱ्हाडीने बुंध्याशी तोडत नाहीत. तेल मुळांत सर्वांत जास्त, म्हणून ते मुळासकट उपटतात. वरचे पांढरे लाकूड तासून टाकतात, आतला पिवळसर गाभा राहतो. त्याच्या ढलप्या करून भुकटी करतात आणि तांब्याच्या भांड्यात वाफ सोडून दोन-तीन दिवस ऊर्ध्वपातन चालते, तेव्हा ते घट्ट, फिकट पिवळे तेल थेंबाथेंबाने उतरते. ज्या विज्ञान संस्थेत हे काम झाले तिची कल्पना जमशेटजी टाटांची आणि जमीन म्हैसूर दरबाराची. 1893 साली योकोहामाहून अमेरिकेकडे निघालेल्या बोटीवर टाटा आणि स्वामी विवेकानंद सहप्रवासी होते, आणि या संस्थेबद्दल टाटांनी विवेकानंदांना 1898 साली लिहिले तेव्हा त्या प्रवासाची आठवण काढली. विवेकानंदांनीही योकोहामाहून लिहिलेल्या पत्रात आपल्या तरुणांनी जपान पाहावा असा आग्रह धरला होता. म्हणजे चंदनाच्या त्या थेंबापर्यंत जपानचा धागा सरळ जातो.

पण ज्याच्या बांधावर झाड उगवले त्याला काय? झाड सरकारचे, राखणीची जबाबदारी मात्र त्याची, आणि चोरी झाली तर चौकशी त्याच्याच दारात. चंदनाचे रोप दिसले की ते वेळीच उपटून टाकणे शेतकऱ्याला शहाणपणाचे वाटू लागले. रानात राहणाऱ्यांचा तर हक्काचा प्रश्नच नव्हता. कर्नाटकाने कायदा बदलून जमीनमालकाला झाडाची मालकी द्यायला 2001 साल उजाडले. तोवर रानातले चंदन संपत आले होते.

जपानने आपल्या लोकांना कसे वागवले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी जपानची आरती ओवाळतो आहे असे वाटेल. 1873 चा जमीन महसूल जमिनीच्या किमतीच्या शेकडा तीन होता, शेतकरी उठले तेव्हा 1877 मध्ये अडीचवर आला. गिरण्यांचे भांडवल त्या पैशातून आले. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर ऐनू लोक राहत. त्यांचे रान, हरणे, नदीतले मासे सरकारी झाले आणि 1899 साली ‘संरक्षण’ या नावाने त्यांच्यासाठी कायदा केला गेला. आणि आशिओ. तोचिगी प्रांतातल्या या तांब्याच्या खाणीने वातारासे नदी विषारी केली आणि खालच्या शेकडो गावांची भातखाचरे नासली. संसदेतला प्रतिनिधी तानाका शोझो दहा वर्षे ओरडत राहिला. सरकार ढिम्म. 1901 साली त्याने खासदारकी सोडली आणि टोकियोच्या रस्त्यात बादशहाच्या बग्गीपुढे अर्ज घेऊन धावला. शेवटी सरकारने तोडगा काढला तो असा की खाण चालू ठेवायची आणि पूर अडवायला यानाका गाव बुडवून तिथे तलाव करायचा. शोझो 1904 साली त्या गावात राहायला गेला. 1907 साली उरलेली घरे जबरदस्तीने पाडली, तरी तो गावकऱ्यांना सोडून गेला नाही. 1913 साली तो मेला, त्या वेळी त्याच्याजवळ जेमतेम एका झोळीत मावेल एवढाच संसार होता.

यानाकाची हकिगत वाचताना मराठी माणसाला मुळशी आठवेल. 1921 च्या रामनवमीला सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उठले. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. देश उभा करायचा तर वीज पाहिजे, यात वादच नव्हता. जमीन जायची होती मावळ्याची. मोबदल्याच्या वाटाघाटीत पुण्याचे सावकार-जमीनदार पुढे होते, कारण कागदावर जमीन त्यांची होती. पुढे कोयनेचेही तेच. शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे राज्यभर विखुरली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने 1976 साली केला, तेव्हा कोयनेची वीज मुंबईत कधीच पोहोचली होती. कोयना धरणग्रस्तांची मुले-नातवंडे अगदी अलीकडेपर्यंत कोयनानगरला ठिय्या देऊन बसत आली आहेत. ही माणसे विकासाच्या विरोधात आहेत असे म्हणणारे लोक डोळ्यांवर कातडे ओढून बसले आहेत. विकासाचा खर्च त्यांनी आगाऊ भरला, आणि पावती आजवर मिळाली नाही.

कोट्याचा खर्चही आगाऊच भरला गेला. काकनकोटेच्या रानात महाराजांच्या काळात ‘खेडा’, म्हणजे हत्तींचे कळप घेरून पकडायची मोहीम, होत असे. व्हाइसरॉय आणि युरोपातले राजपुत्र मचाणावर बसून पाहत. रानाची वाट, हत्तीचा माग, कळप कधी वळणार याचे ज्ञान कुरुबांचे. शेवटचा खेडा 1971 साली झाला. 1974 च्या सुमारास कबिनीचे धरण झाले आणि नदीकाठची गावे व रान पाण्याखाली गेले. वन्यजीवांचे कायदे कडक झाले, तसे सत्तर-ऐंशीच्या दशकांत हाड्या रानाबाहेर काढल्या गेल्या. विस्थापितांच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रा. मुझफ्फर असादी यांची समिती नेमली गेली. तिने 2014 साली नागरहोळेतून विस्थापित झालेल्या 3,418 आदिवासी कुटुंबांची नोंद केली. दुसऱ्या बाजूला कारापूर इथे राजाच्या आणि व्हाइसरॉयच्या शिकारघरांत आता सरकारी पर्यटन निवास आहे, कबिनीच्या काठी महागडी रिसॉर्ट आहेत. वाघ पाहायला जगातून माणसे येतात. वाघ वाचला पाहिजे, रान राहिले पाहिजे, हे मी मनापासून मानतो. पण ज्यांच्या राहत्या रानातून ते अभयारण्य झाले त्यांच्या पोरीला बारावीपर्यंत शिकायला वसतिगृहात जागा मिळते का, हा प्रश्न त्या वाघाइतकाच राष्ट्राचा आहे.

कोट्यात या प्रश्नाला हात घातला गेला, तो सरकारच्या आधी काही तरुण डॉक्टरांनी. 1984 साली म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी विवेकानंदांच्या नावाने युवा चळवळ सुरू केली. ब्रह्मगिरीच्या हाडीत ते दवाखाना घेऊन आले, गोठ्यात शाळा भरवली, पुढे होसहळ्ळीला आदिवासी मुलांची निवासी शाळा आणि सरगूरला इस्पितळ उभे राहिले. 1872 साली जपानच्या सरकारने जे आपले पहिले काम मानले, ते कोट्यात शंभराहून अधिक वर्षांनी पंचविशीतल्या पोरांना करावे लागले.

यापुढचे काम शासनाचे आहे, आणि ते दयेचे नाही, देण्याचे आहे. कबिनीच्या पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नात हाड्यांच्या ग्रामसभांचा ठरलेला हिस्सा असला पाहिजे. ज्या तालुक्यात धरण त्या तालुक्याला उपसा सिंचनाचे पाणी पहिल्यांदा, मग खाली. असादी समितीच्या यादीतल्या प्रत्येक कुटुंबाच्या जमिनीचा निकाल लागला पाहिजे. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे मध, मेण, नेल्लिकायी (आवळा) यांवरचा सामूहिक हक्क लेखी मिळाला पाहिजे. हे अशक्य आहे असे वनखाते म्हणेल, पण शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यात 2011 साली बिळिगिरीच्या व्याघ्र प्रकल्पातल्या सोलिग आदिवासींना हा हक्क मिळाला. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या परवान्याने बांबू विकते. मेंढ्याचे लोक आपल्या ग्रामसभेचे कामकाज पाहायला येणाऱ्या कोणालाही बसवून दाखवतात. कोट्याच्या हाड्यांमधल्या तरुणांना तिथे घेऊन जायचा खर्च फार तर एका रेल्वे प्रवासाचा आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेने उचलायला आज काहीच अडचण नाही.